स्वीकृत खेळाडू

आमच्या फुटबॉल क्लबचा इतिहास तीन हंगामांचा आहे, आणि ते तिन्ही हंगाम मी जवळजवळ पूर्ण बाकावर बसून पाहिले. बाकावरून खेळ नीट दिसत नाही, कारण समोर सारखं कुणीतरी पाण्याची बाटली मागत उभं असतं. संस्था मात्र तिथून फार चांगली दिसते. म्हणून हा इतिहास मी सांगतोय. ज्यांनी गोल केले त्यांनी सांगितला असता तरी चाललं असतं, पण ते सगळे मिळून एका रिक्षात मावतील एवढेच आहेत आणि त्यातल्या दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे.

बारामतीत आमचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. आधी वडील बसायचे, आता मी आणि बायको. गावात मला सगळे टेलर म्हणतात. फुटबॉल मी कॉलेजात असताना एमआयडीसीतल्या एका केरळी फिटरकडून शिकलो. दर रविवारी तो कारखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर आम्हाला पळवायचा, आणि डाव्या पायानं खेळतो म्हणून त्यानं मला डावा बचाव दिला. मी चांगला खेळायचो. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगेल याची पुष्कळ वर्षं वाट पाहून झाली आहे.

क्लब काढला तो आबांनी. आबा म्हणजे आमच्या दोन तालुक्यांतल्या सहकारातलं जुनं खोड. दूध संस्था, पतसंस्था, पाणीवापर संस्था, जिथं म्हणून चेअरमनची खुर्ची असते तिथं ते एकदा तरी बसून उठलेले. एका वर्षी बीटापासून साखर कशी करतात ते बघायला आमच्या साखर कारखान्याच्या संचालक मंडळाचा अभ्यास दौरा युरोपात गेला. एक दुपार रिकामी होती म्हणून तिथल्या माणसानं त्यांना एक भलंमोठं फुटबॉलचं मैदान दाखवायला नेलं, आणि जाता जाता सांगितलं की या क्लबला मालक नाही. सभासद हेच मालक, तेच मतदान करून अध्यक्ष निवडतात. आबा जागच्या जागी थांबले म्हणे. दौऱ्यावरून आल्यावर सत्कार झाला तेव्हा बीटाबद्दल ते एकच वाक्य बोलले, की गोड असतं. बाकी अर्धा तास क्लबवर. ही आपलीच पद्धत हाय, त्यांनी कुठनं उचलली तेवढं शोधायला पायजे, असं म्हणाले.

अशा रीतीनं बारामती आणि इंदापूर तालुक्यांचा सहकारी तत्त्वावरचा व्यावसायिक फुटबॉल क्लब उभा राहिला. व्यावसायिक म्हणजे खेळाडूंना दरमहा मानधन आणि राज्याच्या व्यावसायिक लीगमध्ये, खालच्या फळीत का होईना, नाव. शेअर्स विकले गेले. क्लबच्या सेक्रेटरींना ठरावीक संख्येनं सभासद जमवायचे होते, त्यामुळे आमच्या दुकानातून त्यांनी दोन अर्ज भरून नेले, एक माझ्या नावचा आणि एक बायकोच्या. तिनं शिलाई मशीन चालू ठेवूनच सही केली आणि हे कशाचं आहे असंही विचारलं नाही. पहिल्या सर्वसाधारण सभेत एका म्हाताऱ्या सभासदानं उभं राहून प्रश्न केला, की दिवाळीला सभासदांना सवलतीची साखर किती किलो. आबांनी उभ्या आयुष्यात सर्वसाधारण सभेत नाही हा शब्द वापरलेला नव्हता. विचाराधीन हाय, असं त्यांनी सांगितलं आणि टाळ्या पडल्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो गटांवरून. आमच्याकडे कुठलीही संस्था निघाली की आधी कार्यक्षेत्राचे गट पडतात, म्हणजे एकाच गावानं सगळ्या खुर्च्या बळकावू नयेत. प्रत्येक गटाचा एक संचालक. फुटबॉलमध्ये अकरा खेळाडू असतात हे आबांना कळलं तेव्हा हा खेळ सहकारासाठीच काढलाय अशी त्यांची खात्री पटली. अकरा गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक खेळाडू दिला. पोटनियमात लिहून टाकलं की गटाचा खेळाडू गटातले सभासद निवडतील, त्याच्यासोबत गटाचा एक बदली खेळाडू राहील, आणि डाळज गटाचा माणूस दमला तर त्याच्या जागी डाळजचाच माणूस आत जाईल. दुसऱ्या गटाचा जाणार नाही.

कोच कोल्हापूरहून आणला होता. ज्या गावात फुटबॉलवरून ठरलेल्या सोयरिकी मोडतात त्या गावचा माणूस, त्यामुळे त्याला माणसांचं काही नवल वाटणार नाही अशी आमची समजूत होती. पहिल्या दिवशी त्यानं अकरा जणांना रांगेत उभं केलं आणि पहिल्याला विचारलं, तू कुठं खेळतोस. तो म्हणाला, डाळज. कोच म्हणाला, गाव नको सांगू मर्दा, जागा सांग. तो म्हणाला, गट नंबर चार. तासाभरानं हिशेब लागला तो असा: चार गोलकीपर, कारण चार गावांनी विचार करून आपला सर्वात उंच माणूस पाठवला होता. पाच सेंटर फॉरवर्ड. एक जण म्हणाला मी मध्यमगती टाकतो. आणि एकानं प्रामाणिकपणे सांगितलं की निवडून भाऊ आलाय, पण तो आज उसाला पाणी द्यायच्या पाळीवर आहे, म्हणून मी आलोय. कोच मैदानात मांडी घालून बसला.

मी तिथं जर्सीसाठी मापं घ्यायला गेलो होतो, गळ्यात टेप अडकवून. एक बॉल घरंगळत माझ्याकडे आला आणि मी तो डाव्या पायानं, फार विचार न करता, लांबवर बसलेल्या कोचच्या मांडीत नेऊन टाकला. त्यानं मान वर करून विचारलं, हा कुठल्या गटाचा? सेक्रेटरी म्हणाले, ते टेलर हायत, मापं घ्यायला आलेत.

जर्सीचे नंबरही मी गटांप्रमाणेच शिवले. पोटनियमच तसा होता.

आता तुम्ही म्हणाल, टेलर, तुम्ही स्वतः का नाही उभे राहिलात. राहिलो होतो. बारामती शहर गटातून मी रीतसर अर्ज भरला. दुसरा अर्ज तात्यांच्या भाच्याचा होता. तात्या म्हणजे आमच्या गटाचे संचालक, आणि भाच्याची फुटबॉलमधली पात्रता म्हणजे त्याच्याकडे चांगली मोटरसायकल होती. मतदानाच्या चार दिवस आधी तात्या आणि आणखी पाच वडीलधारे दुकानात आले, गिऱ्हाइकांच्या बाकावर ओळीनं बसले आणि चहा झाल्यावर म्हणाले की आपला गट आजपर्यंत बिनविरोध आहे. त्याला गालबोट लागू नये. मोठ्या मनानं माघार घ्या, पुढच्या टर्मला तुमचाच विचार. वडिलांच्या वयाची सहा माणसं बाकावर अवघडून बसलेली पाहून मी माघार घेतली. आमच्याकडे माघार घेणाऱ्याचा सत्कार होतो. मला न खेळल्याबद्दल शाल आणि नारळ मिळाला. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तेच सहा जण, पुन्हा शाल आणि नारळ. बायको म्हणाली, दोन शाली झाल्या, आता थंडीची काळजी न्हाय.

कोच मात्र मला सोडायला तयार नव्हता. लीगला प्रत्येक सामन्याआधी राखीव खेळाडूंची यादी द्यावी लागते, त्यात तो माझं नाव दरवेळी टाकायचा. म्हणजे लीगच्या कागदावर मी राखीव खेळाडू होतो आणि क्लबच्या कागदावर कुणीच नव्हतो. मी सरावाला जायचो, सगळ्यांच्या आधी जायचो, आणि सामन्याच्या दिवशी बूट घालून बाकावर बसायचो. दुकान तेवढा वेळ बायको एकटी सांभाळायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी म्हणजे शाळांच्या स्नेहसंमेलनांचा मोसम. पंचवीस मोर, तीस मावळे आणि एक चांद्रयान एकाच आठवड्यात शिवून द्यायचं असतं. तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला मोराचा पिसारा टाचता टाचता ती शांतपणे म्हणाली, "या वर्षी एकदा तरी ग्राउंडवर पाय टाका. न्हाय टाकला तर बूट माळ्यावर जातील, आन पुना माझ्यापुढं फुटबॉलचं नाव काढायचं न्हाय."

मी हो म्हणालो. तिचं चूक काहीच नव्हतं. मी अडतिसाव्या वर्षात होतो आणि डावा गुडघा जिना चढताना बोलायला लागला होता. पण मला एकदा खेळायचं होतं. गोल नको होता, पेपरात फोटो नको होता. जिथं पंच शिट्टी वाजवतो आणि वहीत तुमचं नाव लिहितो, अशा खऱ्या सामन्यात एकदा रेषा ओलांडून आत जायचं होतं. हे मी कुणाला बोललो नाही, कारण या वयाचा माणूस असं काही बोलला की लोक आधी त्याच्या बायकोकडे बघतात.

तो हंगाम आमचा सर्वात वाईट गेला, आणि त्याचं कारण ऊस. लीगचं वेळापत्रक मुंबईत ठरायचं, आणि मुंबईतल्या माणसांना गळीत हंगाम माहीत असायचं कारण नाही. नोव्हेंबरात कारखाने पेटतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या येतात. टोळी तुमच्या फडात उतरली की उतरली. त्या दिवशी घरच्या माणसानं बांधावर उभं राहायचं असतं. नाही राहिलात तर टोळी पुढच्या शेतात जाते आणि तुमचा ऊस महिनाभर उभा राहून वाळत बसतो. त्यामुळे आमचे खेळाडू सामन्याला फोन घेऊन यायचे. सामना चालू असताना बाकावर ठेवलेला एखादा फोन वाजायचा, कुणीतरी ओरडायचं की तुझी टोळी आली, आणि तो खेळाडू कॉर्नर घ्यायचा सोडून मोटरसायकलकडे पळायचा. एक सामना आम्ही सात जणांनी संपवला. शेवटी शेवटी कोचनं भिंतीवर लावलेला डावपेचांचा तक्ता काढला आणि तिथं कारखान्याचा तोडणी कार्यक्रम चिकटवला. कारखान्याच्या शेतकी विभागातल्या कर्मचाऱ्याशी त्यानं दोस्ती केली, कारण खऱ्या अर्थानं आमचा संघ तोच निवडत होता.

असे ओळीनं सहा सामने हरल्यावर कोचनं आबांना निर्वाणीचं सांगितलं. दहा माणसं तुमच्या गटांची ठेवा, पण एक माझा. एकच. न्हाय जमत तर मी उद्याच्या एसटीनं कोल्हापूर. आबा रात्रभर विचारात होते असं त्यांच्या मुलानं सांगितलं. सकाळी त्यांना मार्ग सापडला. संचालक मंडळावर कधी कधी एखादा जाणकार निवडणुकीशिवाय घेतात, त्याला स्वीकृत संचालक म्हणतात. तसा एक स्वीकृत खेळाडू घ्यायचा. आबांना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच पोटनियम दुरुस्तीसाठी विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस काढली. हंगामाचा शेवटचा सामना इंदापूर तालुक्यातल्या अंथुर्ण्याच्या मैदानावर होता, सभासद तिथं जमणारच होते, तेव्हा सभेचं स्थळ मैदान, वेळ मध्यंतर. विषय पहिला, श्रद्धांजली. विषय दुसरा, मागील सभेचे इतिवृत्त. विषय तिसरा, स्वीकृत खेळाडू म्हणून श्री. टेलर यांना घेणेबाबत. खरं म्हणजे नोटिशीवर माझं पूर्ण नाव होतं, आणि ते मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद फाटला.

त्या रविवारी बायकोनं दुकान बंद ठेवलं आणि म्हणाली, मी पण येते. स्कूटरवर ती मागं बसली, मांडीवर डबा. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या होत्या, त्यांना ओलांडत आम्ही अंथुर्ण्याला पोहोचलो. माझा अंदाज असा होता की बूट माळ्यावर जाताना ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आली आहे. शेवटचा सामना होता. आज नाही तर कधीच नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

समोर मुंबईकडचा संघ होता. पूर्वार्धात आम्ही दोन गोलांनी मागं पडलो. मध्यंतराची शिट्टी झाली तशी सेक्रेटरींनी माइक हातात घेतला. त्या दिवशी माइक एकच होता, सामन्याच्या कॉमेंट्रीला आणि सभेलाही. सह्यांचं रजिस्टर टेबलावर ठेवलं होतं. पण सभासद पलीकडं भेळेच्या गाडीपाशी उभे होते आणि तिथून हलेनात. आमच्याकडे सही करायची ती नाष्ट्याचं पाकीट हातात पडल्यावर, आणि पाकिटांचा टेंपो बारामतीहून निघाला होता, पोहोचला नव्हता. सेक्रेटरींनी सह्या मोजल्या. कोरम नव्हता. मग त्यांनी आयुष्यभर जे म्हणत आले तेच म्हटलं: कोरमअभावी सभा तहकूब, हीच सभा अर्ध्या तासानं याच ठिकाणी घेण्यात येईल, तिला कोरमची आवश्यकता राहणार नाही.

अर्धा तास. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. मी बाकावरून उठून आबांकडे गेलो आणि म्हणालो की तोवर उत्तरार्धातली पंधरा मिनिटं जातील. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. नियमानं गेलेलं बरं, म्हणाले, उद्या कुणी कोर्टात जायला नको.

उत्तरार्ध सुरू झाला. मी बूट बांधून, जर्सी घालून रेषेपाशी उभा राहिलो. माझ्या जर्सीवर बारा नंबर होता. हा नंबर कुठल्याच गटाचा नव्हता, तो मी पहिल्या वर्षीच शिवून ठेवला होता. रेषेवरच्या पंचानं हिंदीत विचारलं की आत जायचं आहे का. मी सांगितलं, मीटिंग चालू व्हायची आहे. तो बॉलच्या मागं पुढं सरकला.

अर्ध्या तासानं सभा सुरू झाली. विषय पहिला. सेक्रेटरींनी माइकवरून वर्षभरात वारलेल्या सभासदांची नावं वाचली आणि सांगितलं की सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळावी. भेळेच्या गाडीपाशी सगळे उभेच होते, ते गप्प झाले. मैदानावर आमचे खेळाडूही सभासद होते. तेही थांबले. एक जण तर धावता धावता थांबला आणि त्यानं हात पुढं घेऊन मान खाली घातली. मुंबईच्या संघाला काय चाललंय ते कळेना, पण बॉल त्यांच्या पायात होता. त्यांच्यातला एक जण सावकाश चालत आमच्या गोलपर्यंत आला, गोलकीपरकडे पाहिलं, आणि बॉल अलगद आत सरकवला. गोलकीपर डाळजचा होता. त्यानं डोळेही उघडले नाहीत. सामन्यानंतर कोच त्याला बोलायला गेला तेव्हा तो म्हणाला, यादीत माझ्या चुलत्याचं नाव होतं. 

इतिवृत्त वाचून झालं, मंजूर झालं. मी घड्याळ बघत होतो. पंचवीस मिनिटं उरली होती. तेवढ्यात बाकावर एक फोन वाजला. अंथुर्णे गटाच्या खेळाडूची टोळी आली होती. त्यानं पंचाला हात जोडले, मैदानाबाहेर आला आणि मोटरसायकलला किक मारली. त्याचा बदली खेळाडू म्हणजे त्याचा सख्खा भाऊ. शेत एकच, तोही मागं बसून गेला. आमचे दहा जण उरले, आणि रिकामी झालेली जागा नेमकी डाव्या बचावाची होती.

मला वाटलं आता काही अडचण उरली नाही. विषय तिसरा पुकारला. शहर गटाच्या तात्यांनी सूचना मांडली. माझ्या दोन शालींची लाज त्यांनी राखली हे कबूल केलं पाहिजे. आता फक्त कुणीतरी अनुमोदन द्यायचं होतं. आमच्या सभांत हे इतकं पटापट होतं की कुणी अनुमोदन दिलं ते सेक्रेटरी नंतर घरी बसून ठरवतात. पण त्या दिवशी कुणी उठेना. गटाबाहेरचा एक माणूस आत गेला की उद्या दोन जातील, आणि आपल्या गटाची जागा कुणाच्या तरी खिशात जाईल, ही भीती प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दिसत होती. अंथुर्णे गटाचे संचालक उठले. मला वाटलं अनुमोदन देतायत.

"जागा रिकामी ऱ्हाईल," ते म्हणाले, "पन अंथुर्ण्याचीच ऱ्हाईल."

दोघातिघांनी माना डोलावल्या. मग चर्चा सुरू झाली, आणि आमच्याकडची चर्चा म्हणजे प्रत्येक गटाचा माणूस उठून गट म्हणजे काय ते सांगतो. मी रेषेपाशी उभा होतो. वीस मिनिटं उरली. पंधरा उरली. मला राग आला होता, आणि रागापेक्षाही मोठी लाज वाटत होती, की एवढ्या माणसांच्या मापाचे कपडे मी शिवले आणि त्यातल्या एकालाही माझ्यासाठी हात वर करता येत नाही. मी बूट सोडायला खाली वाकलो. त्या क्षणी मी मनातल्या मनात माळ्याची शिडी लावलीसुद्धा होती.

"मी अनुमोदन देती," असा आवाज आला.

बायकांसाठी एका बाजूला ताडपत्री अंथरली होती. तिथं माझी बायको उभी होती, डबा हातात. तिला मी सभेत बोलताना कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर सभेतच पाहिलं नव्हतं. सेक्रेटरी गडबडले. त्यांनी विचारलं, वहिनी, तुमचा गट कोणता?

"गटाचं मला म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "सभासद नंबर सांगते, लिहून घ्या."

आणि तिनं नंबर पाठ सांगितला. मला माझा आजही आठवत नाही. अंथुर्ण्याचे संचालक म्हणाले की बायकोचं नवऱ्याला अनुमोदन चालतं का ते बघा. आबांनी चष्मा लावला, पोटनियमांचं पुस्तक मागवलं, पानं उलटली, आणि म्हणाले की नवऱ्याबद्दल यात काय बी लिहिलेलं न्हाय. मग त्यांनी सभेकडे बघून विचारलं, मंजूर? पहिला आवाज आला तो मोटरसायकलींवर बसून सामना बघणाऱ्या एमआयडीसीच्या कामगारांकडून. त्यातला एकही सभासद नव्हता. पण मंजूर मंजूर हा गजर एकदा सुरू झाला की आमच्याकडे कुणाच्यानं गप्प बसवत नाही, आणि अंथुर्ण्याचे संचालकही सवयीनं त्यात सामील झाले.

मी आत गेलो तेव्हा नऊ मिनिटं उरली होती.

त्या नऊ मिनिटांत मी काय केलं ते लपवण्यात अर्थ नाही. पहिला थ्रो-इन घेताना मागचा पाय उचलला, पंचानं बॉल त्यांना दिला. एकदा बॉल माझ्या डोक्यावरून गेला आणि मी त्याच्या मागं पळताना पडलो. एकदा मी कोचकडे बघत होतो आणि तो ओरडत होता की माझ्याकडं काय बघतोस. पण शेवटून दुसऱ्या मिनिटाला त्यांचा तो उजवीकडचा पळणारा पोरगा, ज्यानं आमच्या सगळ्यांना दिवसभर नाचवलं होतं, माझ्या अंगावर आला. मी थांबलो. त्यानं खांदा डावीकडं टाकला, मी हललो नाही. त्यानं बॉल पुढं ढकलला आणि मी डावा पाय टाकून तो काढून घेतला, स्वच्छ, त्याच्या केसालाही धक्का न लावता. मोटरसायकलींवरून कुणीतरी म्हणालं, टेलरनं शिवला त्याला. मी बॉल पुढं दिला. पुढच्यानं तो बाहेर मारला. आम्ही तीन-शून्यनं हरलो आणि मला इतका आनंद झाला होता की मी समोरच्या संघातल्या सगळ्यांना दोनदोनदा हात मिळवले.

परतताना ट्रॉल्यांच्या मागं स्कूटर हळूहळू चालली होती. बरंच अंतर गेल्यावर मी तिला विचारलं, की तू गप्प बसली असतीस तर सगळं तुझ्या मनासारखं झालं असतं, बूट आजच माळ्यावर गेले असते. मग उठलीस कशाला?

ती म्हणाली, "न खेळता घरी आला असता तर जन्मभर मला ऐकावं लागलं असतं. संधी मिळाली असती तर असं केलं असतं आन तसं केलं असतं. आता काय केलं ते मी बघितलंय."

मी हसलो, आणि हसता हसता डोळे भरून आले म्हणून स्कूटर बाजूला घेतली.  तिनं डबा उघडला आणि तिथंच, उसाच्या कडेला, आम्ही जेवलो.

पुढच्या वर्षी लीगनं नियम बदलले. क्लब हा कंपनी पाहिजे, सहकारी संस्था चालणार नाही असं आलं. आबांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि युरोपला पाठवून द्या म्हणाले. आमची लीगमधली जागा शहरातल्या एका संघाकडे गेली. कोच कोल्हापूरला परतला. बूट मी स्वतः माळ्यावर टाकले, ठरल्याप्रमाणे, आणि तिच्यापुढं फुटबॉलचं नाव काढत नाही.

तीच काढते. जूनमध्ये गणवेशांची गर्दी असते, पोरांच्या आया मापं देता देता गप्पा मारतात, आणि कधी तरी विषय निघतो. मग ती मशीन थांबवून सांगते, की आमचे हे प्रोफेशनल खेळलेत, मी हजर होते, मुंबईच्या त्या पोराचा बॉल असा काढून घेतला. थ्रो-इनचं ती सांगत नाही. परवा तर नऊ मिनिटांची वीस झाली होती. मी मान खाली घालून कापड कापत राहिलो.